घणसोलीत राहता आणि नाव अजून गावच्या यादीत? मग हे वाचा

२० मे २०२४. लोकसभेचं मतदान, ठाणे मतदारसंघ, आणि ऊन असं की शाळेच्या पटांगणात सावलीचा एक तुकडा होता त्यात सगळी म्हातारी माणसं चिकटून बसलेली. मी, आई आणि आमची ही, तिघांचं केंद्र एकच शाळा पण खोल्या वेगळ्या, त्या दोघी चार नंबरला आणि मी सातला. तास-सव्वा तासानं माझा नंबर लागला. टेबलावरच्या मॅडमनी यादीवर स्टीलची पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवली आणि माझ्या नावापाशी थांबल्या. नाव होतं, फोटो पण होता, पण त्याच्यावर आडवा शिक्का, डिलिटेड. मी खिशातनं कार्ड काढून दाखवलं, २०१९ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्हीला ज्याच्यावर मत टाकलं होतं तेच कार्ड. मॅडम म्हणाल्या, "दादा, कार्ड बरोबर आहे हो, पण यादीतनं नाव गेलंय ना." मागची लाईन कुरकुरायला लागली. बाहेर आलो तर आई उभी, शाई लावलेलं बोट पदराआड धरून, मला वाईट वाटू नये म्हणून.

झालं काय होतं तर, आम्ही आधी ज्या सेक्टरला भाड्यानं राहायचो तिथं माझं नाव होतं. पुढं घर घेतलं, आईची आणि हिची नवीन पत्त्यावर नोंदणी मीच केली, आणि स्वतःचं मात्र "आपलं कार्ड आहे की" म्हणून राहू दिलं. जुन्या पत्त्यावर कधीतरी पडताळणीला कोणीतरी गेलं असणार, तिथं दुसरंच कुटुंब, झालं, स्थलांतरित म्हणून नाव उडालं. चूक शंभर टक्के माझी. मी पाच वर्षांत एकदाही यादी उघडून बघितली नव्हती.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगीत आणि आजूबाजूला कोणी नवीन राहायला आलं की मी त्यांच्या मागं लागतो, लोक मला आता "यादीवाला" म्हणतात, म्हणू देत. मतदानाच्या दिवशी बोटाचे फोटो टाकणारे खूप असतात, पण त्या दिवशी करण्यासारखं फार काही उरलेलंच नसतं, जे काय व्हायचं ते आधीच्या वर्षभरात यादीत झालेलं असतं. म्हणून हा लेख मतदानाच्या दिवसापासून सुरू न करता यादीपासून सुरू करतोय.

पहिलं काम: गाव की इथं, ते ठरवा

आमच्याकडं निम्मी घणसोली आणि कोपरखैरणे साताऱ्या-सांगलीकडची, वडील-चुलते माथाडीत, मार्केटला. मी पण त्यातलाच, कोरेगाव तालुका. त्यामुळं हे मला कोणी सांगायची गरज नाही की पुष्कळांचं नाव गावाला पण आहे आणि इथं पण आहे. २०२४ ला साताऱ्याचं मतदान ७ मे ला होतं आणि ठाण्याचं २० मे ला, मधे तेरा दिवस, आणि त्या तेरा दिवसांवरनं कट्ट्यावर जे विनोद चालले होते ते मी इथं लिहीत नाही.

पण सरळ सांगतो, हे बेकायदेशीर आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ म्हणतं की एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत नाव नको, कलम १८ म्हणतं एकाच मतदारसंघात दोनदा नको, आणि फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे गावाला आपलं घर आहे एवढ्यानं आपण तिथले मतदार ठरत नाही. कलम २० मधे स्पष्ट आहे, नुसतं घर मालकीचं असणं पुरत नाही, तुम्ही सर्वसाधारणपणे राहता कुठं ते बघायचं.

आता खरी अडचण ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरनंच काढतात, म्हणजे नाव इकडं आणलं की गावच्या सरपंचकीचं मत गेलं, आणि भावकीत कोणी उभा असला की मग फोन येतात, "एवढी एक वेळ राहू दे". माझ्या चुलत्यानं तर सहा महिने अबोला धरला. मी त्यांना एवढंच म्हणालो, अण्णा, मी वर्षातले साडेअकरा महिने घणसोलीचं पाणी पितो, तिथल्या पाण्याबद्दल मी कोणाला विचारू? पटलं नाही त्यांना. पण माझं नाव मात्र आता एकाच ठिकाणी आहे.

हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरापोरींना दोन्हीपैकी एक निवडता येतं, घरचा पत्ता किंवा हॉस्टेलचा, कॉलेजचं बोनाफाईड लावून.

आपण नेमके कुठले, हे एकदा बघून घ्या

यात भलेभले फसतात, कारण पोस्टाच्या पत्त्यावर सगळंच "नवी मुंबई" असतं.

दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली हा पट्टा ऐरोली विधानसभेत. वाशी, नेरूळ, सीबीडी हे बेलापूर विधानसभेत. या दोन्ही विधानसभा ठाणे लोकसभेत येतात, आणि महानगरपालिका नवी मुंबईची. पण खाडीचा पूल ओलांडून खारघरला गेलात की जिल्हाच बदलला, रायगड. खारघर, कामोठे, कळंबोली म्हणजे पनवेल विधानसभा, मावळ लोकसभा, आणि महानगरपालिका पनवेलची जी २०१६ ला झाली. उलवे उरण विधानसभेत, लोकसभा परत मावळ. माझा एक मित्र खारघरला फ्लॅट घेऊन दोन वर्षं ठाण्याच्या खासदाराला टॅग करून तक्रारी टाकत होता.

ठाणे शहरात पण तसंच. घोडबंदर रोडचा बराचसा भाग ओवळा-माजिवडा, मग कोपरी-पाचपाखाडी, मग ठाणे, हे तिन्ही ठाणे लोकसभेत. कळवा-मुंब्रा मात्र महापालिका ठाण्याची असूनही लोकसभेला कल्याणमधे. म्हणजे शेजारच्या स्टेशनवरच्या माणसाचा खासदार वेगळा.

फॉर्म भरणं, आणि इथंच बहुतेकजण चुकतात

कुठंच नाव नाही, आयुष्यात पहिल्यांदा करताय, तर फॉर्म ६. आधी कुठंतरी नाव आहे आणि आता पत्ता बदललाय, तर फॉर्म ८. मग तो सातारा ते घणसोली असो नाहीतर घणसोली सेक्टर अमुक ते सेक्टर तमुक असो. नावात, वयात, फोटोत दुरुस्ती असली तरी ८ च. लोक काय करतात, जुनं कार्ड सापडत नाही म्हणून सरळ नवीन ६ भरून टाकतात, त्यात "माझं नाव कुठंच नाही" अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र असतं ते न वाचता टिक करतात, आणि मग एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. नंतर त्यातली कुठली उडेल ते तुमच्या हातात राहत नाही.

निवडणूक आयोगाचं मतदार सेवा पोर्टल आहे, व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन, मोबाईल नंबरनं लॉगिन करून तिथंच सगळं होतं. ऑनलाईन जमत नसेल तर १९५० ला फोन करा नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओला, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला गाठा. वयाचं म्हणाल तर पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण लागायचे आणि २ जानेवारीचा वाढदिवस असलेलं पोरगं वर्षभर बसून राहायचं, २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आधीच अर्ज करून ठेवता येतो. (आणि १८ हे वय पण तसं अलीकडचं, १९८९ च्या आधी २१ होतं.)

पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, निदान वर्षभराचं लाईट-पाणी-गॅसचं बिल, घराचं रजिस्टर्ड खरेदीखत, आणि भाडेकरू असाल तर रजिस्टर्ड करार. हे भाडेकरूंसाठी परत एकदा लिहितो कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारतं: घरमालकाची एनओसी लागत नाही. काही मालकांना भीती असते की भाडेकरूचं मतदार कार्ड झालं की तो घरावर हक्क सांगेल, तसं काही नसतं, मतदार यादीत नाव असल्यानं घराची मालकी मिळत नाही. आमच्या समोरच्या विंगमधल्या एका मालकाला हे समजावताना मला दोन वेळा चहा प्यावा लागला.

आता जवळनं बघण्यासारखी गोष्ट. फॉर्ममधे इंग्रजीत नाव टाईप केलं की शेजारच्या चौकटीत मराठी नाव आपोआप उमटतं, आणि ते जसंच्या तसं राहू देतात लोक. इंग्रजीला ळ आणि ण माहीत नाहीत, त्यामुळं काळेचा काले होतो, शेळकेचा शेलके, आणि घणसोलीची घनसोली. छापील यादी मराठीत असते. पट्टी सरकवणाऱ्या मॅडम मराठीत वाचतात. तेव्हा ती मराठी चौकट खोडून हातानं नीट टाईप करा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पण. आणि खाली घरातल्या एखाद्या आधीच मतदार असलेल्या माणसाचा एपिक नंबर, म्हणजे मतदार कार्डावरचा नंबर, विचारतात तो भरा, म्हणजे सगळं घर एकाच यादीभागात यायला सोपं जातं, नायतर आई एका शाळेत आणि पोरगा दुसऱ्या शाळेत असं होतं.

सबमिट केल्यावर रेफरन्स नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाका, स्वतःच्या मोबाईलवर ठेवलेला स्क्रीनशॉट गरजेच्या वेळी कधीच सापडत नाही.

मग बीएलओ येतात. हे बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा पालिका शाळेतल्या शिक्षिका नाहीतर अंगणवाडी सेविका, आपली नोकरी सांभाळून हे वरचं काम करणाऱ्या. भर दुपारी सहाव्या मजल्यावर येतात, लिफ्ट बंद, आपण ऑफिसला, घराला कुलूप, आणि वॉचमन सांगतो "वो लोग तो चले गये". तो बापडा म्हणतो ऑफिसला गेले, त्या समजतात घर सोडून गेले. हे मी थोडं गमतीत लिहितोय पण आमच्या बिल्डिंगीत हे प्रत्यक्ष घडलंय. म्हणून फॉर्म भरला की वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, बीएलओंचा नंबर पोर्टलवर मिळतो, स्वतःहून एक फोन करा. आणि आल्या की आधी पाणी विचारा.

कधीपर्यंत भरायचा? उत्तर एकच, आज. नियमानं विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत केलेले अर्ज धरतात. पण महापालिकेचं गणित वेगळं, तिथं एक तारीख धरतात आणि त्या दिवशीची विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत वाटतात. जानेवारी २०२६ च्या पालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे दिवाळीत जागे होऊन फॉर्म भरलेल्यांचं कार्ड आलं, मत नाही आलं.

लग्न झालेल्या मुलींसाठी, आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी पण

लग्न करून इथं आलात तर फॉर्म ८ नं पत्ता हलवा. आडनाव बदलायलाच पाहिजे असं अजिबात नाही, माहेरचं नाव ठेवून पत्ता बदलता येतो. बदललं असेल तर आधार, पॅन, यादी सगळीकडं एकच ठेवा एवढंच.

या नावाच्या गोष्टीवरनं एक जुनी हकीकत. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करायला माणसं दारोदार गेली तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत खूप बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव असल्याशिवाय नोंद नाही, आणि जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीत येऊ शकली नाहीत. माझी आजी त्या वेळी मतदार होती की नाही मला माहीत नाही, विचारायचं राहूनच गेलं.

यादी तपासणं: मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं

वर्षातनं दोनदा, आणि निवडणुकीची कुणकुण लागली की अजून एकदा, पोर्टलवर एपिक नंबर टाकून नाव बघा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, हे दोन आकडे लिहून ठेवा. मतदान केंद्र याच दोन आकड्यांवर चालतं.

पण नुसतं स्वतःचं बघून थांबू नका. प्रत्येक भागाची यादी डाऊनलोड होते, एका भागात हजार-बाराशे नावं, म्हणजे दोन-चार सोसायट्या. आम्ही काय केलं, रविवारी सकाळी आमच्या भागाची प्रिंट काढली, सोसायटीच्या ऑफिसात बसलो, आणि फ्लॅटवार टिक मारत गेलो. तीन तासांत जे दिसलं ते सांगतो: सोडून गेलेल्यांची नावं तशीच, एका ताईंचा फोटो दुसऱ्याच बाईंच्या नावापुढं, चौघंजण गेली कित्येक वर्षं राहतात पण नाव कुठंच नाही, आणि एक काका जे २०२१ ला कोविडनंतर गेले ते यादीत अजून जिवंत. त्यांच्या मुलाला हे सांगताना मलाच कसंतरी झालं. पण फॉर्म ७ भरायला पाहिजे, मृत्यूचा दाखला जोडून, कारण मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं की त्याच्यावर कोणीतरी जिवंत माणूस मत टाकून जाऊ शकतो.

हाच फॉर्म ७ उलटा पण वापरला जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या नावावर कोणीतरी हरकत घेऊन ते काढायला अर्ज करू शकतं. पण तुम्हाला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढायचं नाही असं कायद्यात आहे. तेव्हा नोटीस आली तर ती कचऱ्यात टाकू नका, दिलेल्या तारखेला कागद घेऊन जा, अर्धा दिवस रजा पडली तरी चालेल. लोकशाही वाचवा म्हणून आपण स्टेटस ठेवतो ना, ती वाचवायचं प्रत्यक्ष काम हे असलं असतं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून यादीवर पेन्सिलीनं टिक मारायचं. फोटो चांगला येत नाही त्याचा.

कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही

पण कसं बघायचं ते सांगतो. प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, आयोगाच्या साईटवर ते लागतं. दहा मिनिटं लागतात वाचायला. मी आधी गुन्ह्यांचं पान बघतो, मग मालमत्ता मागच्या वेळी किती होती आणि आता किती ते.

आणि कुठली निवडणूक कशासाठी ते डोक्यात ठेवा. नळाचं पाणी, कचरा, गटार, पालिकेची शाळा आणि दवाखाना हे महापालिकेचं काम. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० ला संपली, पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. साडेपाच वर्षं प्रशासक. ठाण्यात पण मार्च २०२२ पासून तसंच. त्या काळात गटार तुंबलं की कोणाच्या दारात जायचं तेच कळत नव्हतं, नगरसेवक चांगला असो वाईट असो, निदान त्याचं ऑफिस माहीत असतं आणि त्याला पुढं मत मागायला यायचं असतं.

मतदानाचा दिवस

ओळखपत्रासाठी एपिक कार्डच पाहिजे असं नाही, यादीत नाव असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोचं पासबुक असलं काहीही चालतं. पक्षाच्या टेबलावर मिळते ती चिठ्ठी ओळखपत्र नाही. सुट्टी पगारी असते, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब, महापे एमआयडीसीतल्या कंपनीला पण लागू, एचआरला नम्रपणे कलम पाठवा. कोणा उमेदवाराच्या गाडीनं केंद्रावर जाऊ नका, मतदारांना अशी वाहतूक पुरवणं हा भ्रष्ट मार्ग धरला जातो. पैसे-साड्या-कुपनं वाटताना दिसलं तर सी-व्हिजिल नावाचं अ‍ॅप आहे, फोटो काढून तिथं टाका, १०० मिनिटांत दखल घ्यायची अशी पद्धत आहे.

सकाळी सातला जा. अकराला जाऊन लाईनीला शिव्या देऊ नका.

आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीत नाव बघून मोठ्यानं वाचतो, हे उमेदवारांच्या माणसांना, पोलिंग एजंटना, ऐकू जावं म्हणून असतं, लाजू नका. दुसरा रजिस्टरवर सही घेतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन मशीन तुमच्यासाठी चालू करतो. आडोशाला गेलात की बटण दाबा, लाल दिवा लागतो, शेजारी मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट मशीन असतं त्याच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर तुम्ही दाबलेलंच चिन्ह आहे का ते बघा, मग लांब बीप. घाई करू नका, सात सेकंद म्हणजे बघितलं तर पुष्कळ असतात. चिठ्ठीवर दुसरंच चिन्ह दिसलं तर तिथंच केंद्राध्यक्षांना सांगा, लेखी घेऊन ते सगळ्यांसमोर चाचणी मत टाकायला लावतात. पण तक्रार खोटी निघाली तर कारवाई होते, तेव्हा नीट बघूनच बोला. मशीनचा सेल्फी घेऊ नका, तो गुन्हा आहे.

कोणीच नको असेल तर नोटा, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर आलेलं बटण. मात्र विधानसभा-लोकसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो.

पालिकेला गेलात तर चकित होऊ नका. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं व्हीव्हीपॅट नसतो, आणि मतं एक नाही चार द्यायची असतात. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ नगरसेवक, नवी मुंबईत २८ प्रभाग आणि १११, दोन्हीकडं एकेक प्रभाग सोडला तर सगळे चार-चारचे. अ, ब, क, ड, प्रत्येकाला वेगळं बटण, आणि सगळी मतं झाल्याशिवाय शेवटचा बीप येत नाही. जानेवारीत माझ्या पुढचे एक आजोबा एक बटण दाबून बाहेर निघाले, मॅडम आतनं ओरडतायत, "बाबा, अजून तीन राहिली!" आजोबा म्हणाले, "मला एकच पसंत होता." त्यांना सांगितलं की मग बाकी तिन्हीला नोटा दाबा, तेव्हा परत गेले, जरा नाराजीनंच.

घरात ८५ च्या वरचं कोणी असेल किंवा ४० टक्क्यांवर अपंगत्व असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, फॉर्म १२ ड, पण तो अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. आधीच बीएलओंना सांगून ठेवा.

काहीतरी गडबड झालीच तर

दर निवडणुकीला एक मेसेज फिरतो की यादीत नाव नसेल तर आधार दाखवून "चॅलेंज व्होट" मागा, तुमचा हक्क आहे. हे साफ खोटं आहे. यादीत नाव नाही म्हणजे त्या दिवशी मत नाही, मी २० मे ला हाच मेसेज वाचून केंद्राध्यक्षांशी वाद घातला होता आणि त्यांनी मला अगदी शांतपणे नियम समजावला, अजून आठवलं की कान गरम होतात. चॅलेंज म्हणजे खरं तर एजंटनं दुसऱ्याच्या ओळखीवर दोन रुपये भरून घेतलेला आक्षेप.

पण नाव यादीत आहे आणि तुमच्या आधीच कोणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेलंय, असं झालं तर मात्र परत फिरू नका. नियम ४९ पी खाली "टेंडर्ड व्होट" मागा, मराठीत प्रदत्त मत. तुमची ओळख पटवून कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात जाते. मशीनच्या मोजणीत ती धरत नाहीत, तरीपण द्या, कारण पुढं कोर्टात प्रकरण गेलं तर ती कागदावर असते, आणि तुम्ही गुपचूप घरी गेलात तर काहीच नसतं. त्याच मेसेजच्या खाली असतं की १४ टक्के टेंडर्ड मतं झाली की फेरमतदान होतं, तेही खोटं.

अजून उत्साह असेल तर एकदा एजंट होऊन बघा

विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४, मी एका उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून बसलो, कोणाचा ते सोडा. त्याच विधानसभा मतदारसंघाचा मतदार असला की बसता येतं. (तोपर्यंत माझं नाव परत यादीत आलं होतं, फॉर्म भरून, तीन फोन करून.) पहाटे साडेपाचला हजर. मतदान सातला, त्याच्या आधी दीड तास मॉक पोल, सगळ्या एजंटांसमोर निदान ५० मतं टाकायची, मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळवायच्या, मग सगळं शून्यावर आणून सील, सीलवर आमच्या सह्या. संध्याकाळी सहाला दार बंद झालं तेव्हा बाहेर चाळीसेक माणसं होती. केंद्राध्यक्षांनी चिठ्ठ्या वाटल्या त्या लाईनीच्या शेवटच्या माणसापासनं पुढं, म्हणजे मागनं कोणी घुसायला नको. ही साधी युक्ती मला फार आवडली. शेवटी क्लोजचं बटण दाबलं, एकूण आकडा आला, आणि तो आकडा लिहिलेल्या १७ सी फॉर्मची प्रत आम्हा एजंटांना मिळाली. मोजणीच्या टेबलावर त्या मशीनचा आकडा या कागदाशी जुळवून बघतात.

दिवसभरात दोन वडापाव आणि पाण्याची एक बाटली एवढंच पोटात होतं. रात्री घरी आलो तर आईनं भाकरी झाकून ठेवलेली.

आता आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतनं एक कागद चिकटवलाय, तिघांची नावं, एपिक नंबर, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख. शेजारच्या पोरीला १ ऑक्टोबरला अठरा होतायत, तिचा फॉर्म रविवारी भरायचाय, तिची आई म्हणते जन्मदाखला गावाला राहिलाय. दहावीचं मार्कशीट चालतं म्हणून सांगितलंय.